सातपुड्यात वाणी आणि गोमींची मोजदाद कशी करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: थायलंड आणि मेघालयातल्या चुनखडकाच्या जंगलांत नि गुहांत मिलिपीड (वाणी) नि सेंटिपीड (गोम) यांची सर्वेक्षणं होतात, तसंच काम एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी खानदेशात करायचं आहे. गुहा कोणत्या घ्याव्यात, सापळे किती लावावेत, जाती कशा ओळखाव्यात, परवानगी कुणाची लागते?

आधी दगडाचं बोलतो, बाकीची आखणी त्यावरच बसते. खानदेशात हिंडायला चुनखडकाची गुहा मिळेल ही आशा सोडा. सातपुडा, अजिंठ्याची रांग, गाळण्याच्या टेकड्या, हा सगळा बेसाल्ट आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. चुनखडकाला पाणी हळूहळू विरघळवतं आणि लाखो वर्षांत त्यात मैलोनमैल भुयारं होतात. मेघालयातली क्रेम लियात प्राह ३० किलोमीटरहून लांब आहे ती यामुळेच. बेसाल्टमध्ये असं होत नाही. क्रेटेशिअस काळातला खरा चुनखडक बघायचाच असेल तर नर्मदेपलीकडे धार जिल्ह्यात बागच्या परिसरात जावं लागेल. आपल्याकडे चुना आहे तो तापीच्या गाळातल्या खड्यांच्या रूपात. नदीकाठच्या घळींत पांढरट गाठी दिसतात, त्यांवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसतं. ही छोटी बाटली सोबत ठेवाच. प्रत्येक ठिकाणच्या मातीवर एक थेंब टाकून 'फसफसलं / नाही' एवढी नोंद झाली तरी नंतर उपयोगी पडते.

आता चुनखडकाच्या प्रदेशात एवढी विविधता का असते ते पाहू, म्हणजे त्यातलं आपल्याकडे काय लागू पडतं ते कळेल. एक तर मिलिपीडच्या, म्हणजे आपल्या वाणीच्या, कवचात कॅल्शियम कार्बोनेट असतं. कात टाकल्यावर कवच पुन्हा घट्ट करायला चुना लागतो. दुसरं, चुनखडकाचे डोंगर सपाट मुलखात बेटांसारखे सुटे उभे असतात, एका डोंगरावरची वाणी दुसऱ्यावर पोचत नाही, आणि प्रत्येक डोंगराची आपली जात होते. थायलंडच्या उथाई थानी प्रांतातल्या हुप पा तार्ड या चुनखडकाच्या दरीतून २००७ मध्ये भडक गुलाबी रंगाची डेस्मॉक्सिटिस पर्प्युरोसिया ही वाणी नोंदली गेली, ती अशाच परिसरातली. तिसरं म्हणजे ओल. गुहेच्या आत आणि कपारींत बाराही महिने दमटपणा टिकतो.

यातल्या पहिल्याची खानदेशात टंचाई नाही. बेसाल्टपासून झालेल्या काळ्या मातीत कॅल्शियम भरपूर असतं. दुसरं कमी प्रमाणात आहे. तिसऱ्याचीच खरी वानवा आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो, पाऊस सारा जून ते सप्टेंबरात उरकतो आणि ज्या प्राण्याच्या कातडीवर पाणी धरून ठेवणारा मेणाचा थर फारसा नसतो त्याने आठ महिने कुठेतरी दडून काढायचे असतात. म्हणून खानदेशातलं सर्वेक्षण म्हणजे ओल कुठे आणि कधी असते याचा शोध. गुहांची यादी करण्याऐवजी ओलीचा नकाशा काढा.

तो नकाशा कसा काढायचा? मार्च-एप्रिलमध्ये, सगळं वाळलेलं असताना, जंगलात फिरा. प्राणी सापडणार नाहीत, पण तेव्हाही ओलसर असलेल्या जागा दिसतील: झिऱ्याजवळचा उंबर, नाल्याच्या डोहाकाठचा पालापाचोळा, कड्याच्या पायथ्याशी साचलेले दगड, बांबूच्या बेटाचा बुंधा, जुन्या वारुळाचा पाया. तोरणमाळचं पठार हजार मीटरच्या वर असल्याने तिथे धुकं आणि गारवा मिळतो; यशवंत तलावाच्या काठची आणि सीताखाईच्या बाजूची झाडी यासाठी चांगली. यावल अभयारण्यात लंगडा आंब्याच्या बाजूचे नाले, मनुदेवीच्या धबधब्याखालचा भाग, रावेरकडे पाल, आणि दक्षिणेला पाटणादेवीचं जंगल. अनेर धरणाचं अभयारण्य त्या मानाने उघडं आणि कोरडं आहे, पण तुलनेसाठी तेही घ्या. फक्त हिरव्या जागा निवडल्या तर ओलीचा परिणाम मोजायला कोरडं टोकच उरत नाही.

अंजनाचं जंगल यात अवश्य असू द्या. धुळे-नंदुरबारच्या कोरड्या उतारांवर अंजन भरपूर आहे, त्याची पानं बारीक आणि पाचोळा पातळ पसरलेला असतो. सागाचं याच्या उलट: मोठाली खरखरीत पानं, सावकाश कुजणारी, खाली पोकळी धरून राहणारी. वाणी काय खाते आणि कुठे लपते हे पाचोळ्यावर ठरतं, म्हणून प्रत्येक चौकटीत (पाचोळा घ्यायला आखलेल्या चौरस मीटर जागेत) पाचोळ्याची जाडी आणि कोणत्या झाडाचा, हे लिहा. मोहाच्या झाडाखालची जागा निवडताना मात्र स्थानिकांना विचारा. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून बऱ्याच ठिकाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये मोहाखालचा पाचोळा जाळतात. जळलेली आणि न जळलेली जागा शेजारी-शेजारी मिळाली तर प्रकल्पात एक स्वतंत्र प्रकरणच होईल. सातपुड्यात हे काम कुणीतरी नीट करायला हवं असं मला फार दिवसांपासून वाटतं.

गुहांकडे येतो, कारण प्रश्नात त्यांचाच आग्रह आहे. आपल्याकडे तीन प्रकार मिळतील. कोरलेली लेणी, जशी पाटणादेवीच्या वरच्या अंगाला पितळखोरा. मऊ थर झिजून झालेल्या उथळ कपारी. आणि तोरणमाळच्या मच्छिंद्रनाथ गुंफेसारख्या पूजेच्या जागा. पूर्ण अंधाराचा, स्थिर तापमानाचा पट्टा यांत बहुधा नसतो किंवा अगदी छोटा असतो. त्यामुळे डोळे गेलेली, फिकट, लांबट पायांची खरी गुहावासी जात इथे सापडेल अशी अपेक्षा धरू नका. क्रोएशियाच्या वेलेबिट पर्वतातल्या गुहांतून २०१५ मध्ये वर्णन झालेली जिओफिलस हेडेसी ही गोम ११०० मीटर खोलीवरही सापडली होती. तो चमत्कार चुनखडकाच्या खोल विवरांचा आहे. लेण्यांत मिळतील ते वटवाघळांच्या विष्ठेवर नि बुरशीवर जगणारे छोटे मिलिपीड, आणि भिंतीवर विजेसारखी पळणारी, पंधरा जोड्या लांब पायांची स्क्युटिजेरा गटातली गोम. हे बाहेरही राहतात आणि आतही. तरी लेणी सोडू नका: दाराशी, मधे आणि सर्वांत आत अशी तीन ठिकाणं ठरवून प्रत्येक ठिकाणी तापमान, आर्द्रता आणि उजेड मोजा, आणि तेवढाच वेळ शोधा.

लेण्यांत सापळा लावायला खणणं नाही, भिंतीला हात लावणं नाही. ते पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. वटवाघळांच्या विष्ठेत हिस्टोप्लाझ्मा बुरशी असू शकते, तेव्हा एन-९५ मास्क नाकावरून खाली येऊ देऊ नका. कड्यांवर आग्या मोहोळ असतं. अत्तर, धूर, आरडाओरडा टाळा. रात्रीचा टॉर्चही पोळ्यावर मारू नका.

बेसाल्टची खरी 'गुहा' पायाखाली असते. कड्याखाली साचलेल्या दगडगोट्यांत आणि फुटलेल्या खडकाच्या वरच्या थरात बोटभर फटींचं जाळं असतं, मातीने झाकलेलं, अंधारं, ओलसर. कोरड्या हंगामात प्राणी तिथेच उतरतात. तिथे शिरायची युक्ती सोपी आहे. चार इंची पीव्हीसी पाइपचा मीटरभर तुकडा घ्या, त्याच्या खालच्या दोन तृतीयांश भागाला ड्रिलने ८-१० मिलिमीटरची भोकं पाडा, दगडांत उभा पुरा, आत दोरीला बांधून तळाशी सापळ्याची बाटली सोडा आणि वरून टोपण घट्ट लावा. पाइप पुरताना जागा विस्कटते, म्हणून पहिले दोन-तीन आठवडे बाटली न सोडता तो तसाच राहू द्या. मग महिन्याने एकदा बघा. फेब्रुवारीत पाचोळ्यात चिटपाखरू नसताना या पाइपात काय उतरतं ते पाहण्यासारखं असतं. खानदेशात नवं काही निघायचं असेल तर ते इथून निघण्याची शक्यता मला लेण्यांपेक्षा जास्त वाटते.

हंगामाबद्दल. पहिल्या चांगल्या पावसानंतरचे आठ-दहा दिवस मोठ्या वाणी जमिनीवर येतात. कपाशी-सोयाबीनच्या कोवळ्या रोपांवर वाणी पडल्याची शेतकऱ्यांची तक्रारही तेव्हाचीच. पण चपट्या पाठीच्या, पॉलिडेस्मिडा गटातल्या लहान वाणींचे प्रौढ नर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बघावेत. एकच फेरी करायची असेल तर मी ऑगस्टचा शेवट निवडीन. दोन जमत असतील तर जूनअखेर आणि सप्टेंबर. दिवाळीनंतरची सहल ही सहलच असते. मात्र पाइपचे सापळे त्या काळात चालू ठेवा.

पद्धती अनेक आहेत, पण हाताने शोधण्याला तोड नाही. एका ठिकाणी दोघांनी प्रत्येकी तीस मिनिटं, घड्याळ लावून, दगड-लाकूड-साल उचकटून शोधायचं आणि ठिकाण बदललं तरी वेळ तोच ठेवायचा. हाच शोध रात्री आठनंतर पुन्हा करा. अतिनील टॉर्च असेल तर काही वाणी त्या उजेडात निळसर-हिरव्या चमकतात. दगड उचलताना तो आपल्या बाजूला कलवा, म्हणजे खाली फुरसं असलं तर दगड मधे राहील. आणि उचललेला दगड होता तसाच ठेवा. एका सकाळी शंभर दगड उलटे करून गेलात तर त्या जागेची ओलच उडते.

त्याबरोबर प्रत्येक ठिकाणी एक चौरस मीटरच्या दहा चौकटींतला पाचोळा चाळून पिशवीत घ्या. तो प्रयोगशाळेत बर्लीज नरसाळ्यात, वर कमी वॅटचा दिवा लावून, पाच-सहा दिवस ठेवला की हाताला कधीच न लागणारे बारीक प्राणी खालच्या बाटलीत उतरतात: दोन-तीन मिलिमीटरच्या केसाळ पॉलिझेनिडा, जमिनीतल्या दोऱ्यासारख्या गोमी. दिवा प्रखर लावला तर पाचोळा झपाट्याने वाळतो आणि प्राणी खाली येण्याआधीच आत मरतात.

पुरलेल्या पेल्यांचे सापळे पुस्तकात सोपे वाटतात. काळ्या मातीत नाहीत. ही माती पावसात फुगते नि उघडिपीत आक्रसते, पेला वर ढकलला जातो, कडेला फट पडते आणि प्राणी त्या फटीतच उतरतो. म्हणून काळ्या मातीत दोन पेले एकात एक घाला, दर दोन दिवसांनी कड बोटाने लिंपा आणि वर दगडांवर टेकलेलं पत्र्याचं छप्पर ठेवा, नाहीतर एका सरीत सगळं वाहून जातं. मुरमाड उतारावर हा त्रास कमी. आत प्रॉपिलीन ग्लायकोल वापरा. गाडीच्या कूलंटमधलं एथिलीन ग्लायकोल गोड लागतं आणि विषारी असतं, कोल्हा-मुंगूस प्यायले तर मरतात. दर ठिकाणी दहा मीटर अंतरावर पाच पेले, सात दिवस, एवढं पुरे. सापळ्यांची संख्या वाढवण्यापेक्षा ठिकाणं वाढवा.

शेतीचा परिसरही घ्या असं सुचवीन. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत घड कापल्यावर खांबांचे ढीग बांधावर पडतात आणि उन्हाळ्यातही आतून ओले राहतात. जंगलातल्या किती जाती तिथपर्यंत पोचतात आणि किती जाती फक्त बागेतल्याच आहेत, ही तुलना चुनखडकाच्या कुठल्याही सर्वेक्षणात मिळणार नाही. एशिओमॉर्फा कोआर्क्टाटासारख्या माणसाबरोबर जगभर पसरलेल्या जाती अशाच जागी असतात. अशी जात सापडली म्हणून जंगलाची विविधता वाढली असं मोजू नका.

पकडल्यावर. घोणीला, म्हणजे मोठ्या गोमीला, हात लावायचा नाही, ३० सेंटिमीटरचा चिमटा वापरायचा. तिचे विषाचे आकडे म्हणजे पायांची पहिलीच जोडी बदलून झालेले असतात. चावल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवल्याने वेदना कमी होतात. सूज चढत गेली किंवा श्वास लागला तर थेट दवाखाना. अंड्यांभोवती वेटोळं घालून बसलेली मादी दिसली तर फोटो काढून दगड परत ठेवा. वाणी चावत नाही, पण मोठ्या गोल वाणीच्या स्रावातल्या क्विनोनने बोटं तपकिरी होतात आणि तेच बोट डोळ्याला लागलं तर रात्रभर झोप नाही. पॉलिडेस्मिडा गटातल्या हायड्रोजन सायनाइड सोडतात, कडू बदामाचा वास येतो. बंद डबीत दहा-बारा एकत्र ठेवल्या तर एकमेकींच्या वाफेने मरतात. प्रत्येकीला वेगळी कुपी, आत ओलसर पाचोळ्याचा तुकडा.

जपण्यासाठी रचनेच्या अभ्यासाला ७० ते ८० टक्के इथेनॉल, डीएनएसाठी ९५ टक्क्यांच्या वर आणि थंड जागा. इथेनॉल महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेमार्फतच घ्या. जास्त तीव्रतेच्या इथेनॉलमध्ये वाणी कडक होते आणि पाय गळतात, म्हणून दोन-तीन पाय आधी वेगळ्या कुपीत काढून बाकीचा प्राणी ८० टक्क्यांत ठेवतात. पहिल्या चोवीस तासांनी इथेनॉल बदला. अंगातलं पाणी आणि स्राव मिसळून ते पातळ नि काळपट झालेलं असतं. लेबल कुपीच्या आत, जाड कागदावर, पेन्सिलीने: ठिकाण, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, अधिवास, पद्धत, कुणी गोळा केलं. बाहेर चिकटवलेलं लेबल इथेनॉलने पुसतं आणि मग तो नमुना असून नसल्यासारखा.

ओळखीत बहुतेक जण अडकतात ते वाणींपाशी. रंगावरून जात ठरत नाही. नराच्या सातव्या वलयावरचे पाय बदलून समागमाचा अवयव झालेला असतो, त्याला गोनोपॉड म्हणतात, आणि जात त्याच्या आकारावर ठरते. सातव्या वलयाखाली पाय जिथे असायला हवेत तिथे आखूड, वळलेलं काहीतरी दिसलं तर तो नर. मादी आणि पिल्लं यांना कुळ किंवा प्रजातीपर्यंत (जीनस, म्हणजे जातीच्या वरची पायरी) नेऊन थांबा. पिल्लू जन्मतः सहसा तीनच जोड्या पायांचं असतं आणि कात टाकता टाकता वलयं वाढतात, त्यामुळे पायांची संख्या मोजून जात ठरवणंही व्यर्थ. म्हणून म्हटलं की फेरी नरांच्या हंगामात करा.

गोमींचं तुलनेने सुकर आहे, नर-मादीचा प्रश्न फारसा येत नाही. स्कोलोपेंड्रा गटात आपल्याकडे एकवीस जोड्या पाय. जिओफिलस गटात सत्तावीसपासून पुढे, पण नेहमी विषम. मग भिंगाखाली श्वासरंध्रं पाहा. सातव्या खंडावर रंध्र असेल आणि ते गोलसर असेल तर ऱ्हायसिडाकडे वळा. ते नसेल तर ऑटोस्टिग्मस किंवा स्कोलोपेंड्रा. डोळे अजिबात नसतील तर क्रिप्टॉप्स तपासा. पुढे मिशांच्या तळाचे किती सांधे केसविरहित आहेत, शेवटच्या पायांवरचे काटे किती आणि कुठे, हे मोजायचं. दख्खनच्या स्कोलोपेंड्रिडी कुळावर जांगी आणि दास यांनी १९८४ मध्ये केलेलं काम आजही हाताशी हवं. त्यानंतरच्या दुरुस्त्यांसाठी जाह्नवी जोशी आणि ग्रेगरी एजकोम यांचे पश्चिम घाटावरचे शोधनिबंध वाचा. नावं बदलली आहेत, जुनी किल्ली डोळे मिटून वापरू नका. मिलिपीड आणि सेंटिपीड दोन्ही एकाच प्रकल्पात घ्यायचे की एकच, असं विचाराल तर वेळ एका वर्षाचा असेल तर मी गोमी घेईन.

आकडेमोडीत शून्य लिहायला लाजू नका. तीस मिनिटं शोधून काही मिळालं नाही ही नोंदच आहे, आणि ती नसेल तर पुढच्या माणसाला 'तिथे नव्हतं' आणि 'तिथे कुणी गेलंच नाही' यातला फरक कळत नाही. जाती वाढण्याचा आलेख काढा आणि चाओचा अंदाज, म्हणजे न सापडलेल्या जाती किती असाव्यात त्याचा हिशेब, लावा. समजा १८ जाती मिळाल्या, त्यांतल्या ६ जातींचा एकेकच प्राणी आणि ३ जातींचे दोन-दोन, तर सहाचा वर्ग भागिले तीनची दुप्पट म्हणजे ६. एकूण किमान २४ जाती असाव्यात. एकट्यादुकट्यांची संख्या जास्त असेल तर तुमची यादी अर्धवट आहे हे तक्त्यातच दिसतं, आणि ते तसंच छापा. परीक्षक कुरकुरतील. आणि कुठल्याही प्रकल्प-अहवालात 'नवी जात' हा शब्द फोटोवरून लिहू नका. प्रकारनमुने (जातीच्या नावाला आधार म्हणून जपलेले नमुने), संग्रहालयातल्या नमुन्यांशी तुलना आणि प्रकाशन झाल्याशिवाय तो दावा करायचा नसतो.

परवानगीचं शेवटी सांगतो, पण काम सर्वांत आधी सुरू करायचं ते इथे. यावल, अनेर धरण आणि गौताळा-औट्रमघाट ही अभयारण्यं आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिथे अभ्यासासाठी शिरायला आणि नमुने घ्यायला मुख्य वन्यजीव रक्षकांची, म्हणजे नागपूरच्या प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) कार्यालयाची, लेखी परवानगी लागते. अभयारण्याबाहेरच्या राखीव वनासाठी संबंधित उपवनसंरक्षक. पितळखोऱ्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं वेगळं पत्र. नमुना परदेशातल्या तज्ज्ञाला पाठवायचा असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्याचा प्रश्न येतो, तेव्हा तो विचार सुरुवातीलाच करून घ्या. नमुने शेवटी कुठे जमा करणार, हे अर्जात लिहावं लागतं. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पुण्याचं केंद्र सोयीचं आहे, आधी त्यांच्याशी पत्रव्यवहार करा. अर्जावर विभागप्रमुखांची सही, पद्धतीचा एक पानाचा गोषवारा, प्रत्येक जातीचे कमाल किती नमुने घेणार तो आकडा आणि सोबत येणाऱ्यांची नावं हवीत. पाड्यावरचा पावरा किंवा भिल्ल वाटाड्या सोबत घ्याल तर त्याची मजुरी प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरा आणि अहवालात ऋणनिर्देश करताना त्याला विचारून नाव घाला. पहिल्या पावसाला जंगलात असायचं तर अर्ज जानेवारीत गेलेला हवा.